मास्तरांची सहा हजार पावलं

४ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

व्यायाम करून घ्यायला तुझ्याकडे ठेवलेल्या रोबोचा अहवाल मला रोज सकाळी मिळतो. खुब्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले नाहीत आणि काल म्हणे सहा हजार पावलं. माझी स्वतःची अडीच हजार भरली. तू त्याला मास्तर म्हणून चिडवतेस, पण विद्यार्थिनी पहिली आली की. डॉक्टरांना आकडे दाखवले. ते म्हणाले, सोमवारपासून काठी सोडायची, जिना चढायचा. मनःस्थितीपुढेही ‘उत्तम’ येतंय, म्हणून माझं येणं मे महिन्यावर ढकललं. रागावू नकोस, माया पातळ करू नकोस.

तुझी धाकटी

७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आधी डॉक्टरांना थांबव. ती पावलं माझी नाहीत, शिलाई मशीनची आहेत. मास्तरांचा पावलं मोजायचा पट्टा पायाला बांधून मी खुर्चीत बसते आणि पायांनी मशीन चालवते. सहा हजारांत चार उशांचे अभ्रे झाले. चालते ती पलंगापासून ओट्यापर्यंत, काठी धरून. आणि मन उत्तम, कारण मास्तर समोर आले की दात दाखवते.

म्हणशील, म्हातारीला चळ लागला. अगं, मास्तर गुणी आहेत. कंटाळत नाहीत, तुझ्यासारखे खेकसत नाहीत. पण गेल्या महिन्यात तू फोनवर विचारलंस, काल दुपारी का रडलीस. मी तर कुणाला सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवले मी; पडद्याआड घेतलेलं माप त्यांच्या नवऱ्यांनाही कधी कळू दिलं नाही. आणि माझं रडणं माझ्याच घरातून, मला न विचारता, तुझ्या चहाबरोबर तुझ्यापुढे यावं? पाळतच ठेवायची तर समोर बसून ठेव. खुबा मोडला म्हणून माणूस मोडीत निघत नाही.

मास्तर राहू देत, चहाडी बंद. हे पटलं नाही तरी जीव लावायचं सोडू नकोस.

तुझी आई

११ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टर अभ्र्यांवर हसले. काठी राहू द्या म्हणाले.

रोबो बसवताना एक प्रश्न आला होता, संबंधित व्यक्तीची संमती आहे का. तू आत झोपली होतीस. कशाला उठवा, म्हणून मीच ‘हो’ दाबलं.

कालपासून अहवाल बंद केला. आज तू उठलीस का, काहीच कळेना. नऊपर्यंत चारदा फोन उचलून ठेवला. मग ध्यानात आलं, अहवाल सुरू झाल्यापासून मी तुला ‘कशी आहेस’ असं विचारलंच नाही. शनिवारी येते. सांगशील तेवढंच ऐकेन, आणि काही सांगितलं नाहीस तरी दोन दिवस राहीन.

चूक पोटात घाल, मला मात्र दूर ठेवू नकोस.

तुझी धाकटी