हक्कसोडाची साडी

प्रिय मयुरी,

आजीचा आशीर्वाद. अक्षर पाहून घाबरू नको, मी म्हातारपणी शाळेत गेली नाई. मी बोलून राह्यली, लिहिणारं दुसरं आहे. इकडे आंजी गावात सगळं ठीक. तुझ्या मायचे गुडघे कुरकुरतात, ती मात्र कुरकुरत नाई. उलटं असतं तर बरं झालं असतं.

तुझा बाप गेल्यापासून मोटारपंपाचं दुकान तुझा भाऊ कैलासच पाहते. तारा गुंडाळताना अगदी बापासारखी, माझ्या ओमप्रकाशसारखी जीभ बाहेर काढून बसते. पण बिलावर अजून बापाचाच जीएसटी नंबर. गेलेल्या माणसाच्या नंबरावर बिल फाडता येत नाई म्हणे, चालवणाऱ्यानं स्वतःचा काढावा लागते. त्यासाठी जागा आधी एकाच्या नावानं करा, असं गावातल्या शहाण्यांनी सांगितलं. म्हणून तुझ्या भावानं तुले हक्कसोडपत्र पाठवलं, हिस्सा सोडून देण्याचं. आणि तू फोनवर लगेच म्हणाली, रविवारी येऊन सही करते, मले हिस्सा नको, माहेर पाहिजे.

बाई, ही रीत मले शिकवू नको. माझ्या भावानं, रूपरावनं, माझा अंगठा असाच घेतला होता. वर एक साडी दिली, तीही फॉल न लावलेली. साडी विरायच्या आधी माहेरचं बोलावणं विरलं. आणि माझ्या ज्या बहिणीनं अंगठा दिला नाई, तिले लोकं लोभी म्हणाले. म्हणजे दोन्हीकडून हरणार आपणच.

म्हणून परवा डोळे दाखवाले सेवाग्रामच्या दवाखान्यात जाते असं सांगून मी निघाली. डोळे दाखवले खरे, पण वर्ध्याच्या भैय्याजी वकिलाले. त्यानं चष्मा पुसत सांगितलं, जागा ओमप्रकाशच्या कमाईची, मृत्युपत्र नाई, म्हणून बायको, पोरगा, पोरगी आणि आई, चौघं सारखे वारस. बँकेत कैलासचं नाव नॉमिनी म्हणून आहे, पण नॉमिनी म्हणजे सांभाळणारा, एकटा मालक नाई. घरात सगळ्यांनी वारस मोजले तेव्हा मी समोरच पोळ्या लाटत होती, मलेच विसरले! लई हसली मी. मग बसमध्ये हसू गेलं. पोराच्या मागं आईले हिस्सा, असा हिस्सा वैऱ्याच्याही वाट्याले येऊ नये.

दुसरी गोष्ट त्यानं सांगितली ती नीट ऐक. नंबर काढाले हक्कसोड लागतच नाई. जागा वापराले आपण तिघींनी संमतीपत्र दिलं की झालं. हक्कसोड मात्र एकदा कचेरीत नोंदलं की मन बदललं म्हणून परत मिळत नाई. तुले द्यायचंच असन तर दे, भावाच्या मायेनं दे. भीतीनं नको.

आता विचारशील, फोन सोडून पत्र काऊन. कारण हे लिहून राह्यला तो तुझा भाऊच. नुसतं बोलली असती तर ‘हो आजी’ म्हणून उठून गेला असता. लिहाले बसवलं म्हणून एकेक शब्द त्याच्या हाताखालून गेला. साडीपाशी त्याचा पेन अडला. मी म्हटलं, लिही. मग हळूच विचारते, ताईनं हिस्सा ठेवला तर ती दुकान विकाले लावन का? म्हणजे तुले माहेराची धास्ती, त्याले दुकानाची, आणि एकमेकांले विचारत कोणीच नाई. त्याले उत्तर मी दिलं नाई, ते तूच देजो. आत्ता मी गप्प झाली तरी हा लिहूनच राह्यला. काय ते मले वाचून दाखवत नाई.

तुझीच हिस्सेदार,
आजी मनकर्णाबाई

ताई, त्या कागदावर सही करू नको. संमतीपत्राचं मी वकिलाले विचारतो. रविवारी तू नुसती ये, स्टँडवर घ्यायले येतो. — कैलास