अंक चौदा, बावीस फुगे

रविवार, २ फेब्रुवारी २०२५. सकाळी ७.४०
खोलीवर. चहा ठेवला आहे. 'पडसाद' चित्रकथेचा अंक बारा आत्ता पाकिटातून काढला, कात्रीने, कडेकडेने. काल संध्याकाळीच टपालाने आला होता, पण हात शाईचे होते, म्हणून थांबलो.

चित्रं ९. कथा ९. शुद्धलेखन ५, दहापैकी ('दुर' दोनदा, 'आशिर्वाद' एकदा).

पडसाद दिवसा लाउडस्पीकर दुरुस्त करतो. ऐकलेले आवाज छातीत साठवतो आणि लढताना बाहेर सोडतो. या अंकात भिंत फोडायला दुसरा आवाज उरत नाही, म्हणून आईचा खर्च करतो. जपून ठेवलेला, एकुलता एक. नंतर आठ पानं संवादाचा एकही फुगा नाही. पान १८ वर नुसती त्याची पाठ. ते पान बघत बसलो, चहा निम्मा उतू गेला.

वाचकांच्या पत्रांत माझं नाही. अंक नऊमध्ये आलं होतं, तेवढंच. व. बैसाणे, धुळे, यांचं मात्र सलग तिसऱ्यांदा. अंगणवाडीत काम करते, पोरं यायच्या आधी अंक वाचते. म्हणे, "नायकाला आठ पानं रडायचं असेल तर वाचकाला अर्धी किंमत परत द्या." अजिबात पटलं नाही. दोनदा हसलो मात्र.
व. म्हणजे वैशाली असेल. किंवा वर्षा.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
दुकानात लग्नपत्रिकांची घाई. 'आशीर्वाद'मधला शी दीर्घ केला, तर आमचे मालक नाना म्हणाले, "पार्टीने ऱ्हस्व लिहून दिलाय ना? मग ऱ्हस्व छाप. अकरावी सोडून आला आणि मास्तर झाला."
ऱ्हस्व छापला. चारशे प्रती. दिवसभर डोळ्यांपुढे तोच शि.
दुपारी डबा खाताना पान १८ विषयी कोणाला तरी सांगावंसं वाटलं. चौकट म्हटलं की नानांना दाराची आठवते.

शनिवार, १ मार्च
अंक तेरा. चित्रं ८, कथा ६.
पडसाद खानदेशात आला आहे! लळिंगच्या किल्ल्याखालच्या एका गावाचा आवाज मौनी या जुन्याच खलनायकाने चोरला आहे. अख्खं गाव मुकं. पडसादने त्या गावाच्या बोलीत हाक मारली तरच तो आवाज परत येणार. कल्पना चांगली. पण हाक कशी, तर: "घाबरू नका शे! मी आलो शे!"
चुकीचं आहे एवढं कानाला कळतं. बरोबर काय, ते नाही कळत.
पान ९ वर फुग्याची शेपटी बैलाकडे गेली आहे, त्यामुळे पडसादचा संवाद बैलाच्या तोंडी.
संपादकांना रात्रीच्या आत लिहून पाठवलं. चौदा चुका, पानांच्या आकड्यांसह. शेवटी एक ओळ: अहिराणी अशी नसते.

गुरुवार, ६ मार्च
११.२० ला फोन. संपादक मॅडम, पुण्याहून. स्वतः.
"अहो, तुम्ही खानदेशातलेच ना? मग पुढच्या अंकातली अहिराणी तुम्हीच तपासून द्या. बावीस फुगे आहेत. पहिल्या पानावर तुमचं नाव देऊ. येते ना तुम्हाला?"
हो म्हणालो.
हो म्हणालो. आमच्या फैजपूरकडे 'आहे'ला 'शे' नाहीच, 'हाये'. बोलीच वेगळी. मला येणारी अहिराणी म्हणजे जळगाव स्टँडवर कानावर पडते ती आणि वरातीत डीजेवर वाजते ती. पुण्याहून बघितलं तर खानदेश सगळा एकच दिसत असेल. पण मला तर माहीत होतं.
१५ तारखेपर्यंत द्यायचं आहे. पहिल्या पानावर नाव.

रविवार, ९ मार्च
फैजपूरला जाऊन आलो. आईला एक फुगा वाचून दाखवला. म्हणाली, "मले काय इचारतो? ते धुयाकडलं बोलनं." भाऊ केळीच्या बागेतून आला तो तसाच मागे उभा. "येवढा मोठा झाला, अजून चित्रंच पाहू रायला!"
परत येऊन बावीसही फुगे स्वतःच लिहून काढले. मोठ्याने वाचले. प्रत्येक वाक्याच्या शेवटी शे. त्यांचीच चूक, आता माझ्या अक्षरात.

सोमवार, १० मार्च
मॅडमना विचारलं, धुळ्याच्या बैसाणे यांचा नंबर मिळेल का, वाचक म्हणून पत्रव्यवहार करायचा आहे. त्यांनी आधी तिकडे विचारलं, मग पाठवला. "छान, वाचकांची ओळख व्हायलाच हवी." काय कारणासाठी ते मी सांगितलं नाही.
बैसाणे यांना मेसेज: अंक नऊमध्ये चुकांचं पत्र होतं तो मी, मॅडमनी तपासायला दिलेली अहिराणी दाखवायची आहे. चार वेळा खोडून पाचव्यांदा पाठवला. उत्तर: "जय भीम. बुधवारी या. ३ नंतर. पोरं घरी गेलेली असतात."

बुधवार, १२ मार्च
नानांना सांगितलं, दाढ दुखते, अर्धा दिवस हवा.
"दाढ दुखते आणि शर्टाला इस्त्री?"
सरळ स्टँड गाठलं. धुळ्याच्या एसटीत पारोळ्यापर्यंत उभा, पुढे जागा मिळाली. फुग्यांची फाइल मांडीवर.

अंगणवाडी सापडली. आत खिचडीचा वास. एक बाई पातेलं घासत होत्या, पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला. मी म्हणालो, बैसाणे मॅडम आहेत का. त्या म्हणाल्या, "मीच. वत्सला." मग मला वरपासून खालपर्यंत बघून हसायलाच लागल्या.
"तू हेमंत शे का? माले वाटनं कोनी रिटायर मास्तर व्हई. इतल्या चुका काढस!"
मला काय वाटलं होतं ते मी सांगितलं नाही. मान खाली घालून फाइल काढली.

अक्का (तसंच म्हण म्हणाल्या) माझे फुगे वाचत गेल्या. तिसऱ्या फुग्यावर थांबल्या. "हाई काय रे भाऊ, शे, शे, शे? शेळ्या हाकी राहिना का?"
मग चष्मा डोळ्यांवर आणि हातात पेन्सिल. पडसादची हाक या अंकातही आहेच. ती खोडून वर लिहिलं: "भेऊ नका, मी उनू." सहा शब्दांचे चार झाले. मोठ्याने म्हणून बघितलं. हाक वाटते.

सातव्या फुग्याला विचारलं, "ही तुन्ही बोली नही शे ना? मंग हो काबरं म्हणना?"
"नाव छापणार आहेत," मी म्हणालो.
हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. "मी बी लिखेल व्हतं त्यासले, अंक तेरानं. माले फोन नही उना." आणि पुढचा कागद ओढला.

मी अंक बाराचं पान १८ काढलं. म्हणालो, ती आठ पानं मालिकेतली सगळ्यांत चांगली आहेत. अक्का म्हणाल्या, "रडू दे ना त्याले. पन आठ पानं? पोरंस्नी खिचडी वाटी व्हयनी, भांडा धुई व्हयनात, तरी हाऊ रडीच राहिना!"
मी म्हणालो, आईचा आवाज आता त्याला कधीच ऐकू येणार नाही, म्हणून.
त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "मंग कोनासंगे तरी बोलाले पाहिजे व्हतं त्यानी."

बाविसावा फुगा झाला तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं. चहा, खारी. मोबदला काय देऊ विचारलं, तर हात झटकला. "बठ्ठास्ना आगोदर वाचाले भेटना माले, आखो काय पाहिजे?" बठ्ठा म्हणजे सगळे, हे आज शिकलो.
परतीच्या गाडीत खिडकीची जागा. दोन तास दहा मिनिटं मी एका माणसाशी 'पडसाद'वर बोललो. पहिल्यांदा.

शनिवार, १५ मार्च
फुगे स्वच्छ टाइप करून पाठवले. खाली 'तपासणी' लिहून कर्सर थांबवला. दोन नावं लिहिली. मग वाटलं, मॅडम विचारतील, दोघं का? तुम्हाला येत नव्हतं का? एक काढलं.
माझं ठेवलं.

सोमवार, २४ मार्च
मॅडमचा मेसेज: "किती सहज अहिराणी आहे तुमची! पुढचे तीन अंकही तुम्हीच बघा." उत्तरात फक्त नमस्काराचं चिन्ह.

अक्कांचे मेसेज जवळजवळ रोज येतात. आज जुन्या अंक चारवर: मौनीचा मुखवटा म्हणजे त्यांच्या आत्याच्या घरची चाळणी, शंका नाही. काल, पडसादने लग्न करावं की नाही (करू नये, कारण बायकोला घोरणं दुप्पट ऐकू येईल). दुकानात फोन वाजला की नाना म्हणतात, "घे, दाढेच्या डॉक्टरचा."
प्रत्येक वेळी नावाचं सांगू म्हणतो. अंक कधी येणार, त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. लवकरच, म्हणालो.

शनिवार, ५ एप्रिल
अंक चौदा आला. दुकानातच उघडला, हात न धुता.
पहिलं पान, खाली डावीकडे: अहिराणी – हेमंत चौधरी, जळगाव. वेलांटी, अनुस्वार, सगळं बरोबर. माझं नाव छापलेलं मी याआधी एकदाच पाहिलं आहे, तेही पत्राखाली.

चित्रं ९. कथा ९. शुद्धलेखन १०. दहा मी आजवर कोणत्याही अंकाला दिले नव्हते. पान २० वर अख्खं गाव एकदम बोलतं, पानभर फुगे, एकही उरलेली जागा नाही. म्हातारी, गुराखी, पाण्याला आलेल्या बाया, प्रत्येकाचं बोलणं वेगळं. मी वाचताना सगळे एकाच आवाजात बोलत होते. अक्कांच्या.
नानांना नाव दाखवलं. चष्मा लावून वाचलं. "तू अहिराणी कधी शिकला रे?"
अक्कांना अंक सोमवारपर्यंत पोचेल.

मंगळवार, ८ एप्रिल
काल दिवसभर काही नाही. आज १.१५ ला: "अंक भेटना. तुन्हं नाव वाचं. बरं छापेल शे."
एवढंच. मुखपृष्ठाबद्दल नाही, पान २० बद्दल नाही, मौनीच्या चाळणीबद्दलही नाही. बरं म्हणजे चांगलं, की बरं म्हणजे बरंय? बोलीत दोन्ही होत असेल. पूर्णविराम दिला आहे. एरवी अक्का पूर्णविराम देत नाहीत.
जेवलो नाही.

गुरुवार, १० एप्रिल
सकाळी संपादक मॅडमना पाठवलं: "अंक चौदामधली अहिराणी माझी नाही. मला ती बोली येत नाही. सर्व बावीस फुगे वत्सला बैसाणे, धुळे, यांनी दुरुस्त केले. त्यांनी अंक तेराविषयी तुम्हाला पत्रही लिहिलं होतं. कृपया पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी आणि पुढचे अंक त्यांना द्यावेत." तीन वेळा वाचून पाठवलं. मॅडमनी वाचलं आहे. उत्तर नाही.

अक्कांना काय लिहावं हे दुपारभर. पत्रिकेत नवरीचं नाव दोनदा पडलं, नानांनी पकडलं. मराठीत लिहिलं, फार मोठं झालं, अर्जासारखं. खोडलं. शेवटी त्यांच्या बोलीत लिहिलं:
"अक्का, मन्ही चूक व्हयनी. रविवारले येऊ का?"
'व्हयनी' की 'झायी', माहीत नाही. 'येऊ' चालतं का, तेही नाही. तपासून घ्यायला माझ्याकडे एकच माणूस आहे, आणि मेसेज त्यांनाच जायचा आहे.
६.२५ ला तसाच पाठवला. न तपासता.
पोचला आहे. अजून वाचलेला नाही.