पुसलेली बोटं

इलेक्ट्रॉनिक सिटी, बेंगळूरु
२७ एप्रिल २०२५

ती. आईंस,
स्वानंदीचा सा. न. वि. वि.

तुम्ही नागपूरला सुखरूप पोचल्याचं ध्रुवकडून कळलं. फोनवर मी काही विचारायच्या आत तुम्ही सगळं बरं आहे म्हणता आणि लेकाला द्यायला सांगता. म्हणून पत्र. अबोला पत्रानेच सोडवायचा असतो हे मी तुमच्याकडूनच शिकले.

जून उजाडेपर्यंत राहीन म्हणाला होतात, इथे डोळे तपासून घ्यायचेत म्हणाला होतात, आणि चैत्रगौरीचं हळदीकुंकू झाल्यावर दोन दिवसांत बॅग भरलीत. रंगाचं खरं काय ते एकदा सांगून टाका. घर दाखवलं तेव्हा छान आहे म्हणालात, पण ते छान मी ओळखते, माझ्या पुरणपोळीलाही तेच मिळतं. कित्येक आठवडे कॅटलॉग चाळून मी भिंती, दारं, चौकटी, कपाटं, स्विचबोर्डसुद्धा एकाच फिक्या हिरव्या रंगात करून घेतले. येणारा प्रत्येक जण म्हणतो की इथे डोळे निवतात.

आणि तुम्ही त्याच भिंतीला हात घासत चालायचात. बोटांची तेलकट रेघ उठायची. हात लावू नका, हे मी जरा चढ्या आवाजात बोलले असेन. कुंकवाचंही तेच. नव्या घराला बोटं लावायची असतात, मान्य. उंबऱ्याला लावलीत, मी ब्र काढला नाही. पण स्विचबोर्डाला, बाल्कनीच्या पायरीला, बाथरूमच्या चौकटीला? मी संध्याकाळी पुसायची, सकाळी पुन्हा हजर.

हळदीकुंकवाला बायका आल्या आणि घरातलं मोठं माणूस खोलीबाहेरच येईना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारच्या राजलक्ष्मी अक्कांना मी स्वयंपाकघरात म्हणाले की सासूबाईंना माझं काहीच पसंत पडत नाही. ते तुम्ही ऐकलंत का? ऐकलं असेल तर खुशाल रागवा, पण असं निघून जाऊ नका.

लोभ आहे तसा असू द्यावा, थोडा वाढला तरी चालेल.

तुमची,
स्वानंदी


महाल, नागपूर
६ मे २०२५

चि. सौ. स्वानंदीस,
वासंतीचे अनेक आशीर्वाद.

मनगट दुखतं, म्हणून हे शेजारच्या अनुसूयाबाई लिहीत आहेत. तुझं पत्रही त्यांनीच वाचून दाखवलं. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नव्हतं.

इथे ऊन मी म्हणतंय. कूलरचा पंपही नेमका आत्ताच बिघडला. मी रुसून आले नाही, गं. म्हाताऱ्या माणसाला आपल्या घराची सवय असते, पाय आपोआप पडतात. हळदीकुंकवाच्या दिवशी पोट बिघडलं होतं. स्वयंपाकघरातलं ऐकलं, पण तू दमली होतीस.

रंग छानच आहे. कसला म्हणून मी तुला विचारलंही होतं. तू काहीतरी इंग्रजी नाव सांगितलंस आणि म्हणालीस की तुम्हाला नाही कळायचं. खरंच नाही कळलं. कुंकवाचं मनावर घेऊ नकोस, तो माझा वेडेपणा. तू पुसत होतीस ते ठाऊक होतं. डोळ्यांचं वयाप्रमाणे चालायचंच, त्याबद्दल ध्रुवच्या कानावर काही घालू नकोस.

पुरणपोळी खरंच छान होती. वेलची तेवढी कमी पडली.

उभयतांना आशीर्वाद. माझ्याकडून लोभात उणं नाही.

तुझी,
आई


इलेक्ट्रॉनिक सिटी, बेंगळूरु
१६ मे २०२५

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

मनगट दुखत असेल तर पत्र वाचून का घ्यावं लागतं, हे तुमचं पत्र वाचताना मला सुचलंसुद्धा नाही. अशी मी हुशार.

परवा राजलक्ष्मी अक्कांकडे पाणी नव्हतं, म्हणून त्या हात धुवायला आमच्याकडे आल्या. बाहेर येऊन त्यांनी विचारलं की गरम पाण्याच्या नळाला कुंकू कोण लावतं. एक बोट माझ्या फडक्यातून सुटलं होतं. मी हसत तुमच्या देवभोळेपणाची गोष्ट सांगू लागले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या की त्यांच्या आईने नजर गेल्यावर गॅसच्या बटणांना लाल नेलपॉलिश लावलं होतं. मग स्वतःशीच कन्नडमध्ये काहीतरी बोलत राहिल्या. मला त्यातलं फक्त अय्यो कळलं.

त्या गेल्यावर मी घरभर फिरले. पुसलेलं एकेक बोट आठवलं. पायरीची कड. दिव्याचं बटण. दार संपतं आणि भिंत सुरू होते ती जागा. उंबरा सोडला तर देवाधर्माचं त्यात काहीच नव्हतं. मी डोळे किलकिले करून पॅसेजमधून चालून पाहिलं. सगळं एकच एक फिकं. बाथरूमचं दार म्हणून मी कपाट उघडलं.

आई, तुम्ही माझ्या घरात चाचपडत होतात आणि मी म्हटलं हात लावू नका. तुम्ही खुणा केल्यात, मी त्या रोज पुसल्या, वर त्याच तक्रारीचं पत्र लिहिलं, आणि ते अनुसूयाबाईंनी तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांना आता कुठल्या तोंडाने भेटू? तुमच्या दंडावरचा काळानिळा डागही मी पाहिला होता. कपाटाचं दार लागलं म्हणालात. मी पुढे विचारलं नाही, कारण मला फराळाचं बघायचं होतं. मला माझीच इतकी लाज वाटते आहे की ध्रुवसमोर मान वर करून जेवता येत नाही.

त्याला मी काही सांगितलेलं नाही. पण इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तुम्ही या. सगळी दारं गर्द चॉकलेटी करून घेते, तुमच्या एका शब्दासाठी अडले आहे.

लोभ मागायचं तोंड नाही. तरी मागते.

स्वानंदी


महाल, नागपूर
२५ मे २०२५

चि. सौ. स्वानंदीस,
अनेक आशीर्वाद.

मनगटाला काही झालेलं नाही. ते लिहिताना अनुसूयाबाई माझ्याकडे बघत राहिल्या होत्या. त्या म्हणतात की तू खुशाल ये, तुझ्याहून वाईट पत्रं त्यांनी स्वतः लिहिली आहेत.

लाज तुझ्या एकटीच्या वाट्याची नाही. काचबिंदू आहे. गेल्या दिवाळीतच कळलं. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची, असं डॉक्टर म्हणाले. ते सांगायलाच तुमच्याकडे आले होते. पण तू माझा हात धरून खोल्या दाखवत होतीस, इतकी हरखली होतीस, की मला दिसत नाही हे तोंडातून फुटेना. मग कुंकू देवाच्या नावावर खपवलं. जन्मभर शाळेत पोरांना खरं बोला म्हणून सांगितलं आणि म्हातारपणी हे.

हळदीकुंकवाला बाहेर आले असते, तर कुंकू मलाच लावायला सांगितलं असतं. कोणाच्या डोळ्यात बोट गेलं असतं तर? म्हणून दार लावून बसले, आणि तिकडे तुझी मान खाली गेली. त्याची मला फार लाज वाटते.

काल ध्रुवला मीच सांगितलं. लगेच तिकीट काढतो म्हणाला. मी येते. दारं रंगवू नकोस, कुंकू पुरतं.

एक मागू का? तुझा रंग मला दिसलाच नाही. माझ्या लेखी तुझं घर नुसतं पांढरट होतं. छान म्हणाले, तेही खोटंच. कसा आहे तो, मला कळेल असं लिही.

लोभ मागायचा नसतो, वेडे.

आई


इलेक्ट्रॉनिक सिटी, बेंगळूरु
२ जून २०२५

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

कोवळ्या दुधीची साल हलक्या हाताने काढली, की गर लागायच्या आधी जो ओलसर हिरवा राहतो ना, तो. त्यात चिमूटभर चुलीतली राख मिसळायची. तुम्ही तो मंडईत नख लावून ओळखता. तुम्हाला नाही कळायचं म्हणाले होते मी.

आज सगळीकडे बोटं लावली. तुमच्यासारखी गोल येत नाहीत, ओघळतात. पॅसेजमध्ये किती उंचीवर लावावीत ते कळेना. मग खिडकीच्या उजेडात भिंतीला गाल टेकवून तिरकं पाहिलं, तर तुमच्या हाताची रेघ तिथेच होती. इतकं घासूनही गेली नव्हती. तिच्यावरूनच लावत गेले.

तिला आता मी हात लावणार नाही. तुम्ही मात्र लावत या.

तुमची,
स्वानंदी