ओढ्याअलीकडची शाळा

रविवार, १२ मार्च

प्रिय बंड्याला ताईचे आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण चालतंय. तुझा जुना नंबर बंद लागतो. हा पत्ता परवा सुतारकाकांच्या मुलाने दिला. तुला बाजारात पाहिलं म्हणाला, केस पिकलेत म्हणाला. माझ्या डोळ्यांपुढे तू अजून खांद्याला पिशवी लावून निघालेला विशीतलाच आहेस.

बातमी अशी की आपली शाळा बंद झाली. शेवटी बोटांवर मोजण्याइतकीच पोरं उरली होती. आता त्यांना पुलावरून गाडी नेते, पलीकडच्या मोठ्या शाळेत. आपल्या वेळी तो पूल असता तर... जाऊ दे.

मास्तरीणबाईंनी निरोपाचा कार्यक्रम ठेवला. जुनी मुलं बायकापोरांना घेऊन आली. छपरातून ऊन गळत होतं, पण बाईंनी फळा मात्र नव्याने काळा करून घेतला होता. त्या म्हणाल्या, "गवंडीबाबांनी शाळा बांधली, त्यांनीच तिची गोष्ट सांगावी."

आपल्या बाबांना तू ओळखतोस. गावाने दगड वाहिले, बाबांनी भिंती उभ्या केल्या. पण काम संपल्यावर त्यांनी त्या उंबऱ्याच्या आत कधी पाऊल टाकलं नाही. मला बक्षीस मिळालं तेही खिडकीतून पाहिलं. मला वाटलं, नकोच म्हणतील. ते काठी टेकत आत आले.

म्हणाले, "माझा धाकटा पलीकडच्या शाळेत जाताना ओढ्यात वाहून गेला, म्हणून ही शाळा झाली. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं कुणालाच नाही. त्या सकाळी मोठा मला म्हणाला होता, 'बाबा, पाणी चढलंय, आज नको.' मी म्हटलं, 'शाळा बुडवायला निमित्तं शोधतोस!' मीच पाठवलं दोघांना."

पुढे बसलेल्या एका चिमुरडीने विचारलं, "मग आजोबा, चूक कुणाची?"

"माझी," बाबा म्हणाले. "आणि मी सगळ्यांदेखत मोठ्यालाच विचारलं, तू त्याचा हात का सोडलास? पुढेही विचारत राहिलो. त्याने कधी उलट उत्तर दिलं नाही. एक दिवस घर सोडून गेला."

बंड्या, मी त्या दिवशी तापाने फणफणले होते, तुमचं बोलणं माझ्या कानावर आलं नाही. पण नंतर? मला तरी सांगायचंस ना. एवढासा तू, आणि बापाची चूक पोटात घेऊन बसलास होय रे?

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "त्याला पत्र लिही, मी सांगतो. पत्ता मिळेल कधीतरी." मी कागद घेऊन बसले. "लिही, पोरा..." म्हणाले आणि थांबले. दुसऱ्या दिवशीही तेच. 'पोरा'च्या पुढे गाडी सरकेना. मग म्हणाले, "राहू दे. येईल तेव्हा तोंडावर सांगेन." त्यानंतर रस्त्यावर गाडी थांबली की हातातला घास तसाच ठेवून मान उंचावायचे. मी विचारायची, "कोण आहे?" तर म्हणायचे, "कुणी नाही, असंच."

किती वेळ झाला, मी इकडचं तिकडचं लिहीत बसलेय. बाबा गेले, बंड्या. मंगळवारी दुपारी, बसल्या जागीच. मी पाणी आणायला आत गेले होते, बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. तुला कळवायला काही मार्गच नव्हता रे.

आता यायची घाई करू नकोस. बाबांवरचा राग गेला नसेल तर धर, तुझा हक्क आहे तो. पण जे त्यांच्या तोंडून निघेना, ते मी सांगते. तू हात सोडला नव्हतास, बाळा. पाण्याने ओढून नेला.

तुझी आणि धाकट्याची,
ताई