देशाच्या मोजणीत सात वडे कमी

खारघर, सेक्टर पस्तीस

तीर्थस्वरूप बाळाबाई आक्कास, धाकट्या शहाजीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? (माझा काही म्हणत नाही. स्वराजच्या बिल्डिंगीला लिफ्ट आहे, त्यामुळे त्यालाही रजाच.) बाजारात इलेक्ट्रिक काटे आले आणि गेल्या सहा महिन्यांत मला मापाडी म्हणून कुणी हाक मारली नाही. स्वराज म्हणतो, बाबा, आता आराम करा. हा आराम माझ्या अंगी लागत नाही, आक्का.

गेल्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये माझ्या सुनेचं, उत्कर्षाचं, भाषण होतं. ती कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. विषय, आपल्या देशाची अर्थव्यवस्था केवढी मोठी झाली. वड्यांची ऑर्डर द्यायची म्हणून आलेली माणसं मोजायचं काम स्वराजने मला दिलं. मी हरखलोच! मागच्या रांगेपासून बाजारच्या रिवाजाने सुरू केलं. एकाला 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन, आणि पुढचं पोतं काट्यावर चढेपर्यंत आधीचा आकडा सुरात घोळवत राहायचं. इकडे उत्कर्षा सांगतेय की देश जगातल्या पहिल्या पाच-सहांत पोहोचला, आणि मागून माझं "बावीस हो बावीस". त्यातच सवयीने मी रिकाम्या पोत्याचं वजन काढावं तसं बारदानही वजा केलं (मांडीवर बसलेली पोरं, दुसरं काय), आणि सात वडे कमी पडले. पोरांनी हॉल डोक्यावर घेतला.

भाषण मात्र मी नीट ऐकलं. एवढा थोरला आकडा माणशी वाटला की केवढासा होतो, हे तिने छान समजावलं. मी हात वर करून विचारलं, "पोरी, या माणसांत मला धरलंय का?" "हो बाबा, सगळ्यांना धरतात. घरी बसलेल्यांनाही." तिच्या मनात काही नव्हतं, पण मला वडा गिळेना. देश वाढला याचा आनंद खराच आहे. चाळीस वर्षं त्याचा कांदा-बटाटा मीही तोललाय. पण आता वाटणीत मी आहे आणि कामात नाही, याचं वाईट वाटतं.

बाकी सर्व ठीक. इथे मला काही कमी नाही.

तुझा,
शहाजी

ता. क. घेवड्याची सुगी कधी धरलीय? मोजायला कुणी ठरवलाय का? मजुरी नको, दोन भाकरी पुरेत.

आणखी एक. मी विचारलं हे कुणाला कळू देऊ नकोस. उत्तर स्वराजच्या नावाने टाक आणि त्यात लिही, "तुझ्या बापाबिगर आमचं अडलंय." खोटं असलं तरी लिही.