संबंध संपल्याची तारीख

३ मार्च
बायको मुलीला घेऊन मेव्हणीकडे गेली. दोन बॅगा नेल्या. चार दिवसांत येईल. जास्तीचे कपडे नेणं ही तिची जुनी खोड. संकल्प : आपण फोन करायचा नाही.

५ मार्च
फोन केला. उचलला नाही. रेंज नसणार.

१० मार्च
मदत कार्यालयाचं पत्र. लॉन्ड्रीत माझे तास निम्मे झाल्यापासून आम्हाला घरखर्चाला सरकारी मदत मिळते, नवरा-बायको मिळून एकच अर्ज. घरातलं माणूस कमी झालं तर महिन्याच्या आत कळवा, म्हणतात. आमच्यात कोणी कमी झालेलं नाही. पत्र फ्रिजवर ठेवलं.

१४ मार्च, सकाळी ९
तिचाच फोन! तिने एकटीच्या नावाने अर्ज केलाय, पण जोडीचा चालू आहे म्हणून तिचा अडकलाय. 'वेगळे राहतो' एवढं मी लिहून दिलं की सुटेल. मुलीचे बूट फाटलेत, नवे घ्यायचेही थांबलेत. बघतो म्हटलं. अर्जाचं निमित्त हो, आवाज ऐकायचा होता तिला.

२० मार्च
लिहून दिलं नाही. दिलं तर ती खरंच गेल्यासारखं होईल. माझी मदत घटेल, पण तो मुद्दा नाही. पुन्हा विचार केला. तो मुद्दा नाहीच.

२६ मार्च
मेव्हणी दुकानात आली. गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, पोरगी माझे जुने बूट पुढे कापूस कोंबून घालते. मालकाने ऐकलं. बूट मी घेणारच होतो. नंबर माहीत नव्हता. तिला विचारायची लाज वाटली.

३० मार्च
उद्या अकराला घरी चौकशी. कुटुंब एकत्र राहतं का, ते बघणार. बघा की! लॉन्ड्रीत महिनोन्‌महिने पडून असलेले बायकांचे चार ड्रेस आणून दोरीवर टाकले. बेसिनवर तीन ब्रश. घर कसं भरलेलं दिसतंय.

३१ मार्च, दुपार
चौकशीला आलेल्या बाई तरुण, सभ्य. चहा नको म्हणाल्या. ड्रेस बघत राहिल्या. प्रत्येकाच्या काखेत आमच्या लॉन्ड्रीची नंबराची चिठ्ठी टाचलेली. काढायची राहिली. मापंही चार तऱ्हेची. हिचं वजन कमीजास्त होतं, असं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, मुलगी कितवीत? चौथीत म्हटलं. पाचवीत आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२ एप्रिल, दुपार
कार्यालयात स्वतःहून गेलो. (बोलावलं होतं.) बायको आणि मुलगी बाकावर बसल्या होत्या. मुलीने मला बघून पाय बाकाखाली घेतले. मी काउंटरकडे तोंड केलं.

फॉर्मवर दोन रकाने. वेगळे राहू लागल्याची तारीख, आणि पती-पत्नी म्हणून संबंध संपल्याची तारीख. मी दोन्हीकडे ३ मार्च लिहिलं. कारकुनाने तिचा फॉर्म शेजारी ठेवला. तिच्या दुसऱ्या रकान्यात ९ नोव्हेंबर, दोन वर्षांपूर्वीचा. मी म्हटलं, चुकलंय, तेव्हा आम्ही एकाच घरात होतो. कारकून म्हणाला, या रकान्याचा पैशाशी संबंध नाही, ज्याला जे वाटतं ते त्याने लिहायचं.

बायको बाकावरूनच म्हणाली, "चुकलेलं नाही. तुम्ही रोज लिहिता ना? घरी जाऊन बघा."

सही केली. तिचा अर्ज आठ दिवसांत सुटेल म्हणे. वीस दिवस मीच अडवला होता.

२ एप्रिल, संध्याकाळ
माळ्यावरून जुनी वही काढली. त्या दिवशी असं काय घडलं, मला काही केल्या आठवेना. सापडलं. अक्षर माझंच.

'९ नोव्हेंबर. आज हिचं ऑपरेशन. छोटंसंच. मी जाणार होतो, पण तिथे पुरुषांना नीट बसायला जागा नसते. एकटी टॅक्सीने आली. आल्यावर स्वयंपाक केला. भाजीत मीठ नव्हतं. मी एक शब्द बोललो नाही. दुसरा कोणी असता तर बोलला असता.'