थंड पत्र्यावरचं पाणी

६ नोव्हेंबर
या वयात नोकरी लागली, आणि तीही प्रकाशाच्या कारखान्यात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून कुणी गुरुजी म्हटलं नव्हतं. इथे सगळेच म्हणतात. इथल्या संशोधक हिनुमाबाईंच्या यंत्रातला सोन्याचा पत्रा गार राहावा म्हणून द्रवरूप नायट्रोजन ओतत राहायचं, एवढंच काम. बाहेर गिंकोची झाडं पिवळीधमक. वर्गात घोकून घेतलेल्या ओळी आपोआप ओठांवर आल्या.

८ नोव्हेंबर
बाईंनी समजावलं. निर्वात पेटीत वाफ सोडली की ती पत्र्यावर गोठते, जेमतेम एका रेणूचा थर. त्यावर कारखान्याच्या मोठ्या वलयात तयार होणारा प्रखर प्रकाश पडला की रेणू तुटतो आणि विजेने भारलेला त्याचा तुकडा, आयन, उडून जातो. पडद्यावर रेघ उठते. थर संपत आला की रेघ बसते. मी म्हटलं, उन्हात दव उडतं तसं. त्या म्हणाल्या, दव नुसतं वाळतं हो गुरुजी, हे तोडून नेणं आहे. कविता खुशाल करा, पण नायट्रोजन संपू देऊ नका.

१२ नोव्हेंबर
आज बायकोची, सायेची पुण्यतिथी. तिच्या तसबिरीपुढे रोज पाण्याची वाटी ठेवतो आणि संध्याकाळी प्रसाद म्हणून मीच पितो. आज निम्मंच प्यायलो, उरलेलं बाटलीत घालून नेलं. तिला उजेडाची फार हौस. बाई हसल्या, काकूंना फिरायला आणलंत का म्हणाल्या, आणि बाटली यंत्राला जोडून दिली. रेघ उठली. देखणी होती.

१४ नोव्हेंबर
रेघ अजून बसलेली नाही. बाईंच्या मते कुठेतरी गळती. घरी तसबिरीत सायेच्या गालावरचा तीळ दिसेना. काच पुसली. भिंग लावलं. तीळ नाही.

१५ नोव्हेंबर
भुवया गेल्या. रडू यायला हवं होतं. भात खाल्ला, वाटी धुतली.

१६ नोव्हेंबर
प्रकाश थांबवा म्हणालो, ती चाललीय. बाई म्हणाल्या, गुरुजी, पाणी आहे ते, घरी जाऊन जरा पडा. यंत्राची वेळ मोठ्या मिनतवारीने मिळालीय. मग पत्रा तापू द्यावा का, विचारलं. तापला तर सगळा थर एकदमच उडेल, म्हणाल्या.
म्हणून ओततोय. गारठा तिला धरून ठेवतो, उजेड नेतो. माझ्याच हातांनी—

१७ नोव्हेंबर
तसबिरीत नुसता किमोनो. गळ्याच्या वर कोरा कागद.
रेघ बसली.

१८ नोव्हेंबर
खिडकीत ऊन होतं. करंगळीचं नख गेलं. दुखलं नाही. रक्त नाही. उन्हात काहीतरी चमकून—
निम्मं पाणी माझ्या पोटात आहे. तेवढीच उरलीय ती.

१९ नोव्हेंबर
नमुन्यांच्या थंड कोठीत बसलोय. दिवा घालवला. अंधारात लिहितोय, अक्षरं एकमेकांवर चढत असतील. बोटं कळत नाहीत. बरंय. गार आहे. इथे राहील ती.

बाई हाका मारतायत. गुरुजी, वेड लागलं का, बाहेर या म्हणतायत. ओरडतोय, दिवा नको म्हणून— आवाज फुटत नाही— कडी वाजली— फटीतून उजे